व्हेरिकोसील: आधी ऑपरेशन की थेट आयव्हीएफ?

प्राजक्ताचा_सडा

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, पण आडपडदा ठेवून विचारलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील, म्हणून सरळच लिहिते.

माझं वय ३१, ह्यांचं ३४. आम्ही सांगलीचे. दोन वर्षांहून जास्त काळ बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. सुरुवातीला सगळ्या तपासण्या माझ्याच झाल्या. रक्तातले हार्मोन्स, एएमएच (अंडाशयात अंडी किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी तपासणी), अंडं फुटतंय का हे बघायची सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे. सगळं नॉर्मल. मग कुठे ह्यांना वीर्य तपासणी करायला सांगितली. काउंट ९ मिलियन प्रति मिली, पुढे सरकणारे शुक्राणू २२ टक्के, नॉर्मल आकाराचे २ टक्के. काही आठवड्यांनी पुन्हा केली, जवळपास तेच आकडे आले.

युरॉलॉजिस्टनी हाताने तपासलं आणि डाव्या बाजूला ग्रेड ३ व्हेरिकोसील आहे, म्हणजे वृषणाच्या वरच्या शिरा फुगल्या आहेत, म्हणाले. त्यांचं मत, आधी ऑपरेशन करा. वंध्यत्व केंद्रातल्या मॅडम म्हणतात, ऑपरेशन करून वाट बघत बसण्यापेक्षा थेट इक्सी (शुक्राणू सुईने अंड्यात सोडायची आयव्हीएफची पद्धत) करू. दोघंही अनुभवी आहेत, दोघंही आम्हाला वेळ देऊन बोलले. आता कोणाचं ऐकायचं? ह्यांना काही दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे घरात 'धडधाकट माणसाची चिरफाड कशाला' हेही चालू आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

अबोली

प्राजक्ता, तुझं वाचून जीव तुटला. बाईच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत पुरुषाला कोणी हातही लावत नाही, हे घरोघरी चालतं. वीर्य तपासणीला ना सुई लागते ना भूल. ती पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा बाईकडच्या कारणासोबत असतं. हे प्रत्येक सासूला आणि प्रत्येक नवऱ्याला माहीत असायला हवं.

वैद्यकीय भाग डॉक्टर मंडळी लिहितीलच.

मूत्रमार्गी

मी युरॉलॉजिस्ट आहे, पुण्यात असतो, पुरुष वंध्यत्वाचे रुग्ण रोज बघतो. प्राजक्ताताई, तुमच्या दोन डॉक्टरांपैकी कोणी चूक बोललेलं नाही. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत.

आधी आजार समजून घेऊ. वृषणातून रक्त वर नेणाऱ्या शिरांचं एक जाळं असतं. या शिरांमधल्या झडपा नीट मिटल्या नाहीत की रक्त उलट खाली येतं, साचतं आणि शिरा फुगतात. पायाच्या पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा आपण बघतो, तसंच हे वृषणाच्या वर होतं. दहातल्या नऊ जणांमध्ये ते डाव्या बाजूला असतं, त्याला शरीररचना कारण आहे. उजव्या वृषणाची शीर थेट मोठ्या महाशिरेत तिरकी उतरते. डावीची मात्र जास्त लांब असते आणि डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते. त्यामुळे डावीकडे दाब जास्त राहतो.

सगळ्या प्रौढ पुरुषांमध्ये पाहिलं तर साधारण १५ टक्क्यांना व्हेरिकोसील असतं, आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांत मात्र ते ३५ ते ४० टक्क्यांमध्ये सापडतं. म्हणून 'व्हेरिकोसील आहे म्हणजे मूल होणारच नाही' हे खोटं, आणि 'एवढ्याने काय होतंय' हेही खोटं.

नुकसान कसं होतं? वृषणं शरीराबाहेर पिशवीत असतात ती तापमानासाठीच. शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. खाली येणारं गरम रक्त वर जाणाऱ्या थंड रक्ताशेजारून वाहताना निवतं, अशी तिथली व्यवस्था आहे. शिरांत रक्त साचलं की ती बिघडते. उष्णता वाढते, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, शुक्राणूंच्या डीएनएचे तुकडे पडण्याचं प्रमाण वाढतं. काहींमध्ये वृषण आकाराने लहान होतं, टेस्टोस्टेरॉनही घटतं. डाव्या बाजूच्या दोषाचा परिणाम दोन्ही वृषणांवर दिसू शकतो. आणि दुखत नाही म्हणून नुकसान होत नाही, असं समजू नये. बहुतेकांना दुखतच नाही.

ग्रेडबद्दल: श्वास रोखून पोटात जोर दिल्यावरच हाताला लागतं ते ग्रेड १. उभं राहिल्यावर एरवीही लागतं ते २. नुसतं डोळ्यांनी दिसतं ते ३. तपासणी उभं राहून आणि उबदार खोलीत व्हायला हवी. गारठ्यात कातडी आवळते आणि काही कळत नाही. हाताला न लागता फक्त डॉपलरवर दिसणाऱ्या व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करू नये, यावर अमेरिकन आणि युरोपियन युरॉलॉजी संघटनांचं एकमत आहे. कितीतरी लोक फक्त सोनोग्राफीचा कागद घेऊन ऑपरेशनची तारीख विचारायला येतात. त्यांना मी परत पाठवतो.

तुमच्या मिस्टरांचं तसं नाही. व्हेरिकोसील डोळ्यांना दिसतंय, दोन रिपोर्ट खराब आहेत, तुमच्या तपासण्या नॉर्मल आहेत आणि तुमचं वय ३१ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत संदर्भासाठी खालची मर्यादा १६ मिलियन प्रति मिली, पुढे सरकणारे ३० टक्के आणि नॉर्मल आकार ४ टक्के अशी दिली आहे. ही काही पास-नापासची रेषा नव्हे, पण तुमचे तिन्ही आकडे तिच्या खाली आहेत. मी ऑपरेशनचाच सल्ला दिला असता. तुमचं वय ३९ आणि एएमएच कमी असतं, तर याच रिपोर्टवर मी तुम्हाला मॅडमकडे पाठवलं असतं.

लीड्सकर

डॉक्टर, एक शंका. आम्ही इंग्लंडमध्ये असतो. इथल्या नाइस या उपचारांचे नियम सुचवणाऱ्या संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शिकेत म्हटलं होतं की मूल होण्यासाठीचा उपचार म्हणून व्हेरिकोसीलचं ऑपरेशन देऊ नये, कारण त्याने गर्भधारणेचं प्रमाण वाढत नाही. माझ्या जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, तेच ऐकवलं. मग भारतात आणि अमेरिकेत उलटा सल्ला का?

मूत्रमार्गी

@लीड्सकर, या वादाला मोठा इतिहास आहे. १९५० च्या दशकात एडिनबरोच्या टुलक यांनी एक रुग्ण नोंदवला. वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंच्या व्हेरिकोसीलचं ऑपरेशन झालं आणि पुढे तो बाप झाला. तेव्हापासून जगभर ही ऑपरेशनं वाढली, पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले चांगले अभ्यास फार उशिरा आले. सुरुवातीच्या काही चाचण्यांमध्ये फक्त सोनोग्राफीवर दिसणारे आणि वीर्य नॉर्मल असलेले पुरुषही घेतले होते. ज्यांना दुरुस्तीची गरजच नाही त्यांना धरून सरासरी काढली तर फायदा दिसणार कसा?

२०११ साली युरोपियन युरॉलॉजी या नियतकालिकात आलेली चाचणी मला महत्त्वाची वाटते. त्यात हाताला लागणारं व्हेरिकोसील, खराब वीर्य आणि वंध्यत्व असलेले १४५ पुरुष होते. वर्षभरात नैसर्गिक गर्भधारणा ऑपरेशन केलेल्यांमध्ये ३२.९ टक्के, न केलेल्यांमध्ये १३.९ टक्के. म्हणजे नेमके रुग्ण निवडले तर फरक पडतो. पण ३२.९ चा अर्थही नीट वाचा. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात तिघांपैकी दोघांच्या घरी दिवस राहिलेले नव्हते. सगळे अभ्यास एकत्र करणारा कोक्रेनचा २०२१चा आढावाही पुराव्याची खात्री कमी असल्याचंच सांगतो. त्यामुळे तुमचे जीपी मनाचं बोलत नाहीत. फक्त 'कोणालाच नको' हे मला पटत नाही.

सूक्ष्मदर्शी

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, आयव्हीएफच्या लॅबमध्ये काम करते. दुसरी बाजू मांडते.

इक्सी म्हणजे एकेक शुक्राणू उचलून सुईने अंड्यात सोडायचा. १९९२ साली ब्रसेल्समधून या पद्धतीने राहिलेल्या गर्भधारणा पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्या आणि पुरुष वंध्यत्वाचं चित्रच पालटलं. लाखांनी शुक्राणू लागायचे तिथे प्रत्येक अंड्यामागे एक पुरायला लागला. म्हणून आमच्या क्षेत्रात 'काउंट वाढवायच्या मागे लागू नका, आहेत त्यातले चांगले आम्ही निवडू' अशी सवय लागली.

पण मी डोळ्यांनी निवडते ते आकार आणि हालचाल बघून. आतला डीएनए तुटलेला आहे का, हे मला मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. अंडं काही प्रमाणात ती डागडुजी करतं, आणि तरुण अंडं ती जास्त चांगली करतं. डीएनए फार तुटलेला असेल तर गर्भ तिसऱ्या दिवसापर्यंत छान वाढून पुढे ब्लास्टोसिस्टला, म्हणजे पाच-सहा दिवसांच्या टप्प्याला, पोचत नाही किंवा गर्भपात होतो, असंही बघायला मिळतं. ऑपरेशननंतर हे तुटण्याचं प्रमाण कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

आयव्हीएफपूर्वी ऑपरेशन केल्याचा फायदा होतो का? २०१६च्या एका एकत्रित विश्लेषणात, व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करून मग इक्सी केलेल्यांमध्ये जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण न केलेल्यांपेक्षा जास्त आलं. पण त्यातले अभ्यास मागे वळून नोंदी तपासलेले होते, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. म्हणून 'इक्सीआधी प्रत्येकाने ऑपरेशन करावंच' असं त्यावरून म्हणता येणार नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. दोष पुरुषात आणि इंजेक्शनं बाईला, हा इक्सीचा हिशेब आहे. दहा-बारा दिवस रोज सुया, मग भूल देऊन अंडी काढणं, क्वचित अंडाशयं अति सुजून दवाखान्यात भरती. ऑपरेशनने वीर्य इतकं सुधारलं की इक्सीऐवजी आययूआयवर (वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडण्यावर) भागलं, किंवा तेही लागलं नाही, तर तिचा तेवढा त्रास वाचतो. ही पायरी खाली येणंसुद्धा यशच आहे, गर्भधारणेच्या टक्केवारीत ते दिसत नाही इतकंच.

आणि कुठेही गेलात तरी ते केंद्र २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदलेलं आहे का, हे बघा. नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका.

माणदेशी_गडी

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडं हा आजार सैन्यभरतीमुळं पोरांना कळतो. ग्राउंड मारलं, धावलं, आणि मेडिकलला व्हेरिकोसील निघालं म्हणून अनफिट! मग पोरं भरतीसाठी ऑपरेशन करून घेतात. माझंबी तसंच झालं, वय १९ होतं. आता लग्न ठरतंय. डॉक्टरसाहेब, त्या ऑपरेशनचा पुढं मूल व्हायला काही अडथळा येतो का? गावात कोण काय, कोण काय सांगतं.

मूत्रमार्गी

@माणदेशी_गडी, नीट झालेल्या ऑपरेशनने अडथळा येत नाही. त्यात फुगलेल्या शिरा बांधतात. वीर्याची नळी वेगळी असते, ती नसबंदीत कापतात. गावात या दोन्हींची गल्लत होते, म्हणून तुम्हाला नाही नाही ते ऐकायला मिळतं. कोणी विचारलं तर हा फरक जरूर सांगा.

दोन गोष्टी बघून घ्या. दोन्ही वृषणं साधारण सारख्या आकाराची आहेत का, आणि ऑपरेशनच्या बाजूला पाणी भरून सूज आलेली आहे का. मनाच्या समाधानासाठी एकदा वीर्य तपासणी केली तरी हरकत नाही. लग्नाच्या बोलण्यात हे लपवण्यासारखं काही नाही.

तुमच्यामुळे एक मुद्दा निघाला. भरतीचं कारण नसेल तर वयात येणाऱ्या मुलात नुसतं व्हेरिकोसील दिसलं म्हणून आम्ही लगेच ऑपरेशन करत नाही. त्या बाजूचं वृषण दुसऱ्यापेक्षा २० टक्क्यांहून लहान राहत असेल किंवा दुखत असेल तर विचार करतो. नाहीतर दर वर्षी तपासतो.

रानजाई

ऑपरेशन टाळून गोळ्यांनी होत नाही का? माझ्या भावाला अँटिऑक्सिडंट, झिंक, फॉलिक ॲसिड असं बरंच लिहून दिलंय, वर नातेवाईकांनी पाठवलेली चूर्णं. महिन्याचा खर्च बघून वहिनी रडकुंडीला आलीय.

सूक्ष्मदर्शी

@रानजाई, गोळ्यांनी फुगलेली शीर आकसत नाही. झिंक आणि फॉलिक ॲसिडची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, २,३७० जोडपी होती, २०२० साली प्रसिद्ध झाली. ना वीर्य सुधारलं, ना बाळं जास्त जन्मली. अँटिऑक्सिडंटच्या मिश्रणाची मॉक्सी नावाची चाचणी त्याच वर्षी आली, तिथेही फायदा दिसला नाही. चूर्णात काय घातलंय हे पाकिटावर लिहिलेलं नसेल तर घेऊच नये.

खर्च न होता करण्यासारखं पुष्कळ आहे. तंबाखू, गुटखा, सिगारेट बंद. दारू कमी. वजन आटोक्यात. मांडीवर लॅपटॉप नको, कढत पाण्यात बसून शेक नको. भट्टीसमोर किंवा बॉयलरजवळ काम असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

आणि जिममधली इंजेक्शनं! बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून वृषणाला मिळणारा संदेश थांबतो आणि शुक्राणू बनणं बंद पडू शकतं. 'ताकद वाढेल' म्हणून हे घेणारी मुलं शून्य काउंट घेऊन आमच्याकडे येतात. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण कित्येक महिने जातात.

निंबोणी

आमचा रिपोर्ट शून्य आला होता, एझूस्पर्मिया. आणि दोन्ही बाजूंना व्हेरिकोसील. एका ठिकाणी सांगितलं, ऑपरेशन करा, शुक्राणू येतील. दुसरीकडे सांगितलं, थेट वृषणातून काढू. आम्ही अजून ठरवलेलं नाही. घरी कोणाला सांगितलेलं नाही, नवरा कोणाशी बोलत नाही. इथे लिहितेय कारण दुसरीकडे कुठे लिहू शकत नाही.

मूत्रमार्गी

निंबोणीताई, बरं केलंत लिहिलंत.

शून्य रिपोर्टमध्ये ऑपरेशनच्या आधी काही तपासण्या व्हायलाच हव्यात. नळीत अडथळा आहे की निर्मितीच कमी आहे, हे तपासणी आणि एफएसएच, टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सवरून ठरवायचं. निर्मिती कमी असेल तर रक्तातून गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्रातल्या गाळलेल्या तुकड्यांची तपासणी करायची. त्या तुकड्यांपैकी एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी पूर्ण गायब असतील तर शिरा बांधूनही शुक्राणू येणार नाहीत आणि वृषणात शोधूनही मिळत नाहीत. मग दोन्ही शस्त्रक्रिया वाचतात.

हे सगळं ठीक असेल, तर शिरांच्या ऑपरेशननंतर काही पुरुषांच्या वीर्यात थोडे शुक्राणू येतात. बहुतेकांना तरीही इक्सी लागते, पण वृषण उघडावं लागत नाही. मात्र याचा पक्का पुरावा नाही, आणि अमेरिकन मार्गदर्शिका ही गोष्ट रुग्णाला स्पष्ट सांगा म्हणते. म्हणून पुन्हा तुमचं वय महत्त्वाचं. तुम्ही तिशीच्या आत असाल तर सहा महिने देता येतात. पस्तिशीच्या पुढे असाल तर मी थेट मायक्रो-टेसेकडे, म्हणजे मायक्रोस्कोपखाली वृषणातून शुक्राणू शोधण्याकडे वळेन.

परळला आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे, तिथे वंध्यत्वाची ओपीडी चालते. मुंबई जवळ असेल तर तिथे जाऊन या. आणि मिस्टरांना एकदा एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या. बायकोसमोर न विचारलेले प्रश्न ते तेव्हा विचारतात.

कृष्णाकाठ

आमच्या घरचा अनुभव लिहितो, कारण चांगलेच अनुभव वाचून लोक निर्णय घेतात. माझं ऑपरेशन व्यवस्थित झालं, काउंट दुपटीने वाढला, पण दिवस राहिले नाहीत. शेवटी आयव्हीएफ केलं आणि मुलगी झाली. ऑपरेशनचा उपयोग झाला की नाही, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मला पश्चात्ताप नाही. पण ऑपरेशन करतानाच आम्ही दोघांनी डॉक्टरांसमोर तारीख ठरवली होती की इथपर्यंत थांबायचं, मग पुढचं पाऊल. ती ठरवली नसती तर 'अजून थोडं बघू' करत बायकोचं वय वाढत गेलं असतं.

प्राजक्ताचा_सडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांनी स्वतः बसून सगळं वाचलं, हेच माझ्यासाठी मोठं आहे. आम्ही ऑपरेशनकडे झुकलोय. डॉक्टर, सर्जनला नेमकं काय विचारायचं आणि नंतर किती थांबायचं, तेवढं सांगाल का?

मूत्रमार्गी

ताई, पहिला प्रश्न: मायक्रोस्कोप लावून करणार का? जांघेजवळ दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन शिरा एकेक करून बांधतात, धमनी आणि लसीकावाहिन्या वाचवतात. असं केलं की दोष परत येण्याचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास राहतं आणि वृषणाभोवती पाणी साचणं अगदी क्वचित होतं. दुर्बिणीने पोटातून किंवा मायक्रोस्कोपशिवाय केलं तर ही दोन्ही प्रमाणं जास्त असतात. दुसरा प्रश्न: तुम्ही स्वतः अशी ऑपरेशनं नियमित करता का? चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. काही आठवडे जड उचलायचं नाही. गाडीवरून लांबचा प्रवास आणि शरीरसंबंध केव्हा सुरू करायचे, हे टाके बघून सर्जन सांगतील.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर येईपर्यंतचा प्रवास. म्हणून पहिली वीर्य तपासणी तीन महिन्यांनी, दुसरी सहा महिन्यांनी. महिन्याभरात तपासून निराश होऊ नका. साधारण ६० ते ७० टक्के पुरुषांचं वीर्य सुधारतं. सहा महिन्यांनीही आकडे हलले नाहीत तर मॅडमकडे जा. सुधारले तर नैसर्गिक प्रयत्नांना साधारण वर्ष द्या, आणि मध्ये आययूआय करायचं का हे मॅडमना विचारा. जाताना सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा, आणि शक्यतो एकाच लॅबचे असू द्या. प्रत्येक लॅबची मोजायची पद्धत थोडी वेगळी असते.

इतर वाचकांसाठी एक सूचना राहिली. व्हेरिकोसील फक्त उजव्या बाजूला असेल, चाळिशीनंतर अचानक उद्भवलं असेल, किंवा आडवं झोपल्यावरही शिरा ओसरत नसतील, तर मूल हवं असो वा नसो, पोटाची सोनोग्राफी लगेच करून घ्या. मूत्रपिंडातली गाठ त्या शिरेवर दाब देत असू शकते.

प्राजक्ताचा_सडा

मायक्रोस्कोपचं आजच फोन करून विचारलं. त्यांच्याकडे आहे, आणि ऑपरेशन ते स्वतःच करतात. मॅडमनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, सहा महिन्यांचा रिपोर्ट घेऊन या, तोवर तुमचं एएमएच मी एकदा परत बघते. निंबोणी, तुला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघ.